सिसिगला वास येत नाही

आंघेलेस, पाम्पांगा
ऑगस्ट २००९

प्रिय सांतिंग,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी दचकला असशील आणि मग तुझ्या बायकोला म्हणाला असशील, "आत्सीने आता शिव्यासुद्धा पोस्टाने पाठवायला सुरुवात केली." तसं काही नाही. फोन करता आला असता, पण फोन दुकानात, गल्ल्याशेजारी. मी बोलायला लागले की डेल्फिन वर्तमानपत्र खाली ठेवतो आणि रोवेना चिरता चिरता हात थांबवते. मेसेज टाइप करायचा तर एका ओळीला माझी सकाळ जाते. आणि खरं सांगू, तुझा आवाज ऐकला असता तर मला बोलताच आलं नसतं.

घरचं सगळं ठीक आहे, हे आधी लिहिते, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. रोवेनाला सहावा महिना लागलाय. जावई सौदीतच आहे, नाताळला येतो म्हणतो. डेल्फिनचा गुडघा तसाच, जिभेचे चोचलेही तसेच. रेल्वेच्या फाटकाजवळ, आपल्या दुकानासमोरच एक नवीन दुकान झालंय. काचेचे दरवाजे, आत थंड हवा. पाटीवर सात प्रकारचं सिसिग! कोंबडीचं, बांगुस माशाचं, टोफूचं, आणि तुझं लाडकं, वरून अंडं फोडून मेयोनेज ओतलेलं. मी डेल्फिनला म्हटलं, "बघ, सांतिंगची भुतं मनिलाहून इथवर पोचली." तू रागावू नकोस. तुझं कुबाओचं दुकान चालतं, पोरांच्या फिया निघतात, मला आनंदच आहे. पण डुकराचं मुंडकं उकडून, कोळशावर भाजून, कान-गाल बारीक कापून, कोंबडीची कलेजी, कांदा, मिरची आणि कलामान्सीचं लिंबू पिळून जे होतं त्यावर पांढरी मलई ओतणाऱ्याला मी मरेपर्यंत नावं ठेवणार. तेवढा हक्क मोठ्या बहिणीचा.

आता मुद्द्यावर येते. अक्षर लावून वाच.

जूनमधली गोष्ट. दुपारची गर्दी नुकतीच ओसरली होती. मी शेगडीवर चार बिडाच्या ताटल्या तापत ठेवल्या होत्या आणि पाठ करून मिरच्या चिरत होते. एकाएकी डेल्फिन बाहेरून ओरडत आला, "निल्दा, अगं पेटलंय! वास येत नाही का तुला?" वळून बघते तर ताटल्या उचलायचं जाड फडकं शेगडीच्या कडेला पडून जळत होतं, ज्वाळा तेलाच्या बरणीपर्यंत गेलेली. त्याने बादली ओतली. धूर इतका की गिऱ्हाईकं खोकत रस्त्यावर गेली. मी हसले. म्हटलं, सर्दी झालीय रे. सांतिंग, मला सर्दी नव्हती. डोळ्यांना धूर झोंबत होता, पाणी वाहत होतं, आणि नाकात काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही. रिकाम्या खोलीत उभं राहावं तसं.

दुसऱ्या दिवशी सगळे प्रार्थनेला गेल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. व्हिनेगरची बाटली उघडली, नाकाशी धरली. मग सुका मासा. मग लसूण ठेचून. शेवटी रॉकेलचा डबा. कांदा चिरला तर डोळे भरून आले, पण तो कांदा आहे हे मला फक्त डोळ्यांनी कळत होतं. मी डबा जागेवर ठेवला, हात धुतले आणि तिथेच खाली बसले. घरात कुणी नव्हतं तरी मी तोंडावर ॲप्रन दाबला होता, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

कशाची भीती वाटली ते तुला सांगायला नको. आपल्या आईचं, इमाचं, असंच सुरू झालं होतं.

तू तेव्हा लहान नव्हतास, तुला आठवत असेल. पण तू दिवसभर बाहेर, जीपनीच्या फेऱ्यांवर. मी तिच्या शेजारी उभी असायचे, म्हणून मी क्रमाने पाहिलंय. आधी नाक गेलं. "पावसाळा आहे," म्हणायची. मग मीठ जास्त, कधी दोनदा. मग एक दिवस लोक मागतायत आणि ती ठोकळ्यासमोर सुरा धरून उभी, पुढे काय करायचं ते सुचेना. ज्या ठोकळ्यावर तिने वीस वर्षं मुंडकी कापली! मग ती तुला नवरा समजून तातांगच्या नावाने हाक मारायला लागली, आणि तातांग जाऊन किती वर्षं झाली होती. आणि मग ती सकाळ. शेगडीवरून लाल झालेली ताटली तिने नुसत्या हाताने उचलली. ओरडलीसुद्धा नाही. ती चरचर सिसिगची नव्हती, तिच्या तळव्याची होती, हे माझ्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला. ताटली पडली आणि ती आपल्या हाताकडे बघत मला म्हणाली, "ही गरम होती का गं?" त्यानंतर चार वर्षं ती जगली, पण माझ्यासाठी ती त्या प्रश्नातच गेली.

तेव्हापासून तापलेल्या ताटलीकडे हात नेताना मी दर वेळी मनात म्हणते, गरम आहे. हल्ली मोठ्याने म्हणते. गिऱ्हाइकांना वाटतं, मी त्यांना सांगतेय. सकाळी उठल्या उठल्या उजळणी करते, शाळेतल्या पोरीसारखी. माझं नाव बेनिल्दा. नवरा डेल्फिन. मुलगी रोवेना. भाऊ सांतिंग, कुबाओ. आज कोणता वार. परवा वार आठवायला जरा वेळ लागला तर अंगाला घाम फुटला. सगळ्यांनाच कधी कधी लागतो वेळ, माहीत आहे मला. पण रात्री ते पटत नाही.

तरी जुलैभर मी रेटलं. हाताला सवय आहे, डोळ्याला अंदाज आहे, इतकी वर्षं केलंय, असं स्वतःला समजावलं. मग बापा तुरिंग यायचे बंद झाले. इमाच्या वेळेपासून रोज दुपारी एक ताटली आणि एक बिअर, लग्नाच्या दिवशीसुद्धा चुकवली नव्हती म्हणून बायको अजून टोमणे मारते, ते बापा तुरिंग! बाजारात भेटले तर म्हणाले, "पोरी, डॉक्टरने डुक्कर बंद केलंय. युरिक ॲसिड. अंगठा बघ कसा सुजलाय." अंगठा मला काही सुजलेला दिसला नाही. मी म्हटलं, "काळजी घ्या, बापा." दोनच दिवसांनी मी दुकानासमोरचा रस्ता झाडत होते आणि समोरच्या काचेतून पाहिलं. बापा तुरिंग भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि पुढ्यात ताटली चरचरत होती, वर अंडं! मी पटकन मागे फिरले. त्यांना कळू नये की मी पाहिलं, याचीच मला घाई झाली. त्यांच्यावर राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

घरी विचारलं, "आज कसं झालंय?" डेल्फिन म्हणाला, "नेहमीसारखं. मस्त." रोवेना म्हणाली, "इमा, तुझ्या हाताला कुणाची सर आहे का?" दोघंही माझ्याकडे न बघता म्हणाले.

यानंतरचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

रोवेनाला मधेच पुन्हा उलट्या सुरू झाल्या, अन्न बघवेना. म्हणाली, आंबट काहीतरी दे. मला आपलं जुनं सिसिग आठवलं. ताटलीवर चरचरणारं नाही, त्याच्याही आधीचं, आपली आजी करायची ते. कच्ची पपई, उकडलेले डुकराचे कान, कांदा, मिरी आणि भरपूर व्हिनेगर. तू पोटात असताना इमा दुसरं काही खायचीच नाही, म्हणून तुझी जीभ अशी आंबट, असं सगळे चिडवायचे. मी फार उत्साहाने केलं रे. आदल्या दिवशी कान उकडून फ्रिजमध्ये ठेवले होते. रात्री वीज गेली होती, किती वेळ ते मला झोपेत कळलं नाही. सकाळी कान बघितले, पांढरे, छान दिसले. नाकाशी धरले. सवयीने धरले, आणि सवयीनेच ठीक आहेत म्हणून पुढे गेले. वाडगं भरून तिला परसात नेऊन दिलं. ती म्हणाली, "तू जा इमा, गिऱ्हाईक आलंय. मी सावकाश खाते." थोड्या वेळाने वाडगं स्वच्छ धुऊन आणून दिलं. म्हणाली, "सगळं संपवलं. पोट भरलं. बाळ नाचतंय बघ."

संध्याकाळी कचरा टाकायला परसात गेले तर केळीच्या बुंध्याशी माश्या घोंघावत होत्या. पालापाचोळा वर ओढलेला होता. मी तो पायाने सरकवला. सगळं तिथे होतं. कान, पपई, कांदा. शेजारच्यांचं कुत्रं लांब उभं होतं, जवळ येत नव्हतं. मी गुडघे टेकले आणि त्या राडीवर नाक नेलं, अगदी टेकवलं म्हण, आणि श्वास घेतला. सांतिंग, मला काहीही कळलं नाही. कुत्र्याला जे लांबून कळत होतं ते मला कळलं नाही. माझ्या लेकीच्या पोटात, त्या न जन्मलेल्या जिवाच्या तोंडी मी काय घालत होते, ते मला कळलं नाही. तिला नाक आहे म्हणून वाचली. तिच्या जागी एखादं लहान मूल असतं तर?

मी पाचोळा पुन्हा सारखा केला आणि आत आले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने माझ्या गुडघ्यांवरची माती पाहिली, मी तिचे डोळे पाहिले. मी म्हटलं, "रात्री भात पातळ करू का तुला?" ती म्हणाली, "कर ना." त्या क्षणी मला जी भीती वाटली तशी आगीच्या दिवशीही वाटली नव्हती. कारण मला कळलं, ते सगळे माझ्याशी तसं वागतायत जसं आपण इमाशी वागायचो. मीसुद्धा इमाची पाठ वळली की परातीत कलामान्सी पिळायचे, खारट झालेलं धुऊन घ्यायचे, आणि "मस्त झालंय" म्हणायचे. मायेनेच म्हणायचे. आता मला कळतंय की तिलाही आमच्या मायेचा सुगावा लागला असणार, आणि तीही एकटीच घाबरली असणार, आमच्या घोळक्यात उभी राहून.

त्या दिवसानंतर मी मुंडक्याला हात लावलेला नाही. खांदा दुखतो म्हणून सांगितलं. शेगडी आणि चव रोवेनाकडे, मी नुसती गल्ल्यावर बसते. तिने एका शब्दाने विचारलं नाही की कोणता खांदा. गेल्या सोमवारी बापा तुरिंग परत आले. ताटलीवर जीभ पोळून घेत म्हणाले, "अंगठा बराय आता." रोवेनाने मान खाली घातली. मी हसले आणि त्यांच्या बिअरचे पैसे घ्यायला विसरले. म्हणजे विसरले, की मुद्दाम घेतले नाहीत, हेसुद्धा मला आता नक्की सांगता येत नाही. म्हणून तर एवढं लिहितेय.

इमाला शेवटी कुणी सांगितलं होतं, आठवतं? तू. जीपनीवरून आलास, एक घास घेतलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "इमा, कलेजी आंबलीय. तुला नाही कळत का आता?" मी तुला चिमटा काढला होता. इमा मात्र स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं रे. बरं झालं, कुणीतरी बोललं." त्या रात्री ती गाढ झोपली. या घरात तोंडावर बोलणारा तेवढा एक जन्मला आणि तो मनिलाला जाऊन मेयोनेज विकतो. येत्या मंगळवारी सान फेर्नान्दोच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे मी नंबर लावलाय. नाकाचं साधं काही असेल, हाड वाढलं असेल, असं बाजारातून फोन केला तेव्हा नर्स म्हणाली, आणि मी दिवसातून दहादा त्या नर्सचे शब्द आठवते. घरी सांगितलेलं नाही, एकटी जाणार होते, पण याआधी दोनदा बसथांब्यापर्यंत जाऊन परत आलेय. तू सोमवारी ये. बायकोला सांग, आत्सीला माझी दुकानदारी शिकायचीय. डॉक्टरीणबाई नक्की विचारतील, घरात आधी कुणाला असं होतं का. ते तू सांग. मला इमाचं नाव तिथे उच्चारवणार नाही. आणि एक राहिलं, ते विचारायलाच खरं तर कागद घेऊन बसले होते, चार दिवस टाळतेय. आपण दोघं एकाच आईची. सांतिंग, सकाळी शेगडी पेटवतोस, कांदा चिरतोस, तेव्हा तुला वास येतो ना रे? येत असेल तर आल्या आल्या, दारातूनच सांग. आणि येत नसेल, तरीसुद्धा सांग. मग आपण दोघंही डॉक्टरीणबाईंकडे आत जाऊ.

तुझीच,
आत्सी निल्दा