झोप लागली तिथून पुढे

सोमवार, ३ मार्च

धाकट्याचा फोन! आज काही त्याचा वार नव्हता. सगळ्यांची विचारपूस केली, एकेकाची. माझी पाठ कशी आहे, शेक घेते का. थोरलीचं डोकं अजून दुखतं का. जावयांच्या डोळ्यांचं काय झालं. नातीचा हलणारा दात पडला का. खालच्या मास्तरीणबाईंच्या मांजराचा पाय बरा झाला का — मांजराचासुद्धा! एकाला वगळून सगळं जग विचारून झालं. मग चाचरत म्हणाला, "बाकी घरात... सगळं ठीक ना?"

म्हटलं, बाबांना ताप होता चार दिवस, आज उतरलाय. "बरं. काळजी घे," म्हणाला आणि ठेवला.

हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. घोरणं मात्र फोन येताच थांबलं होतं. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

बुधवार, ५ मार्च

हे उठले. चहा पांचट आहे म्हणाले. म्हणजे बरे झाले.

दुपारी टीव्हीपुढे खुर्ची ओढली. पडद्यावरचा पेंग्विन दाबला, जुना सिनेमा लावला, अर्ध्यात मान टाकली. घर पूर्ववत.

शनिवार, ८ मार्च

थोरली आली. टीव्ही बघून म्हणाली, "आई, हा टीव्ही आहे की धुकं? माणसं आहेत की भुतं?" खरंय. रंग पार उडालेत. गाणं लावलं तर आवाज डब्यातून आल्यासारखा. आता नवीन संच घ्यायचाच, सिनेमा आणि गाणी दोन्ही एकात, असं तिनं ठरवलं. तिनं ठरवलं म्हणजे ठरलं. बापावर गेलीय.

टीव्हीच्या पाठीमागे ती पांढरी कांडी आहे ना, ती धाकट्यानं जाण्याआधी खोचून दिलेली. पडद्यावर पेंग्विनचं तोंड येतं. "आई, ह्याला दाबायचं, की सिनेमे आणि गाणी." तेवढंच शिकलो, तेवढ्यावर आजवर चाललं.

त्यानंतर महिनाभरातच ते झालं. हे इस्पितळात. डॉक्टर म्हणाले, आता वजन उचलणं बंद. धाकट्यानं काय करावं? आमच्या बाइंडिंगच्या दुकानातलं कागद कापायचं मोठं यंत्र परस्पर विकून टाकलं. बापानं पुन्हा त्याला हात लावू नये म्हणून. भल्यासाठीच. पण विचारलं नाही! हे घरी आले, दुकानाचं दार उघडलं, आणि मोकळी जमीन बघत उभे राहिले. "माझे हात विकलेस," म्हणाले. "पुन्हा तोंड दाखवू नकोस." तोही त्यांचाच! नोकरी धरून परदेशी गेला. त्याला तीन वर्षं झाली. दोघांच्या मधे मी, जात्यातल्या दाण्यासारखी.

रविवार, ९ मार्च

आज निराळाच तमाशा.

"अगं, तू सिनेमा पुढे नेलास का?"

"मी कशाला नेऊ?"

"मग मी झोपलो तेव्हा वकील दारात उभा होता. आता खटला संपत आलाय! माझ्या मागे बसून पुढचं बघून घेतेस."

"अहो, माझी भांडी कोण घासतं मग? तो वकील?"

पुटपुटत सिनेमा मागे नेला. म्हणे, हे पहिल्यांदा नाही. यंत्रच पळपुटं आहे.

मंगळवार, ११ मार्च

ह्यांचं निदान झालं! म्हणे रिमोटचं बटण अडकतं, म्हणून सिनेमा आपोआप पुढे पळतो. आयुष्यभर पुस्तकं बांधली, त्यांना रिमोट किस झाड की पत्ती! सगळा खोलला, कापूस फिरवला, पुन्हा बसवला. वरून बाइंडिंगचं कापड चिकटवलं, निळं, कडेला छान दुमडून. रिमोट आता एखाद्या पोथीसारखा दिसतो. बटणं कापडाखाली गेली. चाचपडून दाबायची.

संध्याकाळी बघितलं — सिनेमा पुढे पळालेलाच!

"नवीनच घ्या," म्हणाले. "ह्या यंत्रावर माझा विश्वास नाही."

गुरुवार, १३ मार्च

थोरलीबरोबर दुकानात गेले. हे आले नाहीत. "पसंत तुम्ही करा, नावं मी ठेवतो."

दुकानातली बाई गोड बोलणारी. दोन संच दाखवले. एक मोठा. भिंतभर टीव्ही, दोन्हीकडे उंच भोंगे, आणि तोंडानं सांगितलं की ऐकणारा. "आजी, हा बोललं की ऐकतो." थोरली म्हणाली, "मग हाच द्या. आमच्या घरात बोललं की ऐकणारं दुसरं काही नाही." मी म्हटलं, "बाळा, एखादं जुनं, शांत गाणं लाव." त्यानं असा धडाड ढोल लावला की माझी कवळी हलली! बाईनं सांगितलं तेव्हा मात्र मुकाट्यानं लावलं. भोंग्यांतून असा काही आवाज आला, की गायक शेजारी येऊन बसलाय. अंगावर काटा आला. हे खोटं कशाला लिहू?

दुसरा लहान. साधा टीव्ही, एक चपटा भोंगा. कशाला उगीच, म्हणून थोरलीनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

मोठ्याचं कौतुक करता करता ती बाई सहज म्हणाली, "आणि ह्यात सगळं घर एका खात्यावर येतं. समजा तुम्ही इथे सिनेमा अर्धा सोडलात, तर तुमची लेक तिच्या घरी तिथूनच पुढे बघू शकते. कितीही लांब असू दे."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. थोरली म्हणाली, "काय झालं? चक्कर आली?"

म्हटलं, काही नाही. पाठ.

शुक्रवार, १४ मार्च

पेंग्विन आमचा नाहीच. धाकट्याचा आहे, त्याच्याच खात्यावर चालतो.

रविवार, १६ मार्च

सकाळपासून एकच आठवतंय. हे घरासाठी पुस्तक बांधायचे तेव्हा त्यात खुणेची एकच फीत शिवायचे. वाचणारे दोन, बाप आणि धाकटा, आणि फीत एक. मी म्हणायची, दोन शिवा. "दोन फितींचं पुस्तक म्हणजे दोन चुलींचं घर," म्हणायचे. मग हे रात्री वाचून फीत ठेवायचे. धाकटा शाळेतून आला की तिथून पुढे वाचायचा, फीत सरकवायचा. हे ओरडायचे, "फीत कुणी हलवली?" पण मागे जायचे नाहीत! जिथे फीत असेल तिथून पुढे. आणि जेवताना त्याला विचारायचे, "हं, मधे काय झालं ते सांग." पोरगं हातवारे करून सांगायचं. हात खरकटाच वाळायचा दोघांचा.

मी अक्षर शिकले ते दुकानातल्या रद्दी पानांवर. कुठलं पान कुठल्या पुस्तकाचं, पत्ता नसायचा. मधलं कोणी तरी सांगावं लागतं, हे मला चांगलं ठाऊक.

दुपारी गच्चीवर जाऊन फोन लावला. सरळच विचारलं, "पेंग्विनवर तू सिनेमे बघतोस?"

तो म्हणाला, "आई, बाबांनी कुठपर्यंत बघितलं ते मला दिसतं. रोज थोडं हललेलं दिसलं की कळतं, आज ठीक आहेत. बसलेत, बघतायत, मधेच झोपलेत. मग मी तिथून पुढे थोडं बघतो. चार दिवस काहीच हललं नाही ना, तेव्हा राहवेना. म्हणून फोन केला."

पदर तोंडात धरला.

"बाबांना सांगू नकोस. कळलं तर तेही बंद करतील. माझ्याकडे तेवढंच आहे."

शब्द दिला. आई झाले ना, दिला.

मंगळवार, १८ मार्च

नुसती तगमग. थोरलीनं मोठा संच जवळजवळ पक्का केलाय. दुकानातल्या बाईला गुपचूप फोन करून विचारलं, आमचं जुनं खातं त्यात चालेल का? "नाही आजी, ह्याचं स्वतःचं नवीन खातं. जुनं कशाला हवंय?" आणि लहानात? "त्यात तुमची कांडीसुद्धा बसेल."

म्हणजे मोठा घरात आला की पेंग्विन गेला. पोराचा बाप त्याच्या डोळ्यांसमोरून गेला. आणि लहान हवा म्हणावं तर कारण काय सांगू? थोरलीला सांगितलं तर ती पोटात ठेवणार नाही. तिच्या पोटात तीळ भिजत नाही. ह्यांना सांगितलं तर शब्द मोडला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शुक्रवार, २१ मार्च

आज ठरायचं होतं. थोरली मोठ्या संचाचं चित्र घेऊन आली. मी म्हटलं, "लहान घेऊ."

"का?"

"भिंत लहान आहे."

"भिंत मोजलीय मी, आई."

"त्या भोंग्यांवर धूळ बसते."

"धूळ तुझ्या देव्हाऱ्यावरही बसते, तो काढलास का?"

"मला त्या बोलणाऱ्याची भीती वाटते." वाटत नाही. पण दुसरं काय सुचणार?

थोरली वैतागली. "आई, तुझं काही कळत नाही. परवा त्या गाण्याला डोळे पुसत होतीस. बाबा, तुम्ही सांगा. तुम्हालाच तर नवीन हवं होतं! ही कांडी पळपुटी आहे म्हणून!"

झालं, म्हटलं. आता हे म्हणणार, मोठा आणा. देवाचं नाव घेऊन बसले.

हे निळ्या रिमोटच्या कडेचं सुटलेलं कापड अंगठ्यानं दाबत होते. वर न बघता म्हणाले, "लहानच आणा."

"अहो बाबा, पण कांडी —"

"कांडी राहू दे. सवय झालीय तिची."

थोरली माझ्याकडे बघते, मी जमिनीकडे. "तुम्ही दोघं म्हणजे ना!" म्हणाली. पण हसली. चहा घेऊन गेली. मनातल्या मनात मी ह्यांना दंडवत घातला. कधी नव्हे ते माझ्या बाजूनं बोलले!

सोमवार, २४ मार्च

लहान संच लागला. मागे कांडी, पडद्यावर पेंग्विन. आता तो चांगला काळाकुळकुळीत दिसतो. आवाज त्या मोठ्यासारखा नाही. नाही तर नाही.

एक गंमत. ह्यांची कुरकुर बंद झालीय. सिनेमा पुढे गेलेला असला तरी मागे नेत नाहीत. असेल तिथून बघत बसतात. म्हटलं, "अहो, मधलं न बघता काही कळतं का?"

"कळतं तेवढं," म्हणाले.

नवीन टीव्हीची नवलाई, दुसरं काय.

गुरुवार, २७ मार्च

दुपारी ह्यांनी टीव्ही लावला आणि लगेच बंद केला. स्वयंपाकघरात आले. ओट्यापाशी उभे. उगीच डब्यांची झाकणं घट्ट करत होते. मग पाठ फिरवूनच म्हणाले —

"अगं, परवापासून सिनेमा मी सोडतो तिथून हललेला नाही."

मी हातातला कप खाली ठेवला.

"फोन लाव त्याला. बरा आहे ना विचार. ताप असेल तर डॉक्टरकडे जा म्हणावं, अंगावर काढू नकोस. आणि..." शेवटचं झाकण आधीच घट्ट होतं, तेच पुन्हा फिरवलं. "आणि म्हणावं, मधे काय काय झालं ते सगळं सांगायचं राहिलंय. लवकर कळव."