सावनेरची लाइन

प्रिय मयुरा,

काल सावनेरला गेले होते. भैयाजींच्या सरकी खरेदी केंद्रात आपण बसवलेला राउटर बदलायचा होता. भिंतीवरून काढला तर मागे मार्करनं लिहिलेलं तुझं अक्षर: 'हात लावू नये. चहा घ्यावा.' हसले, आणि मग बराच वेळ तिथंच बसून राहिले.

आपलं पहिलं काम ते. नागपुरात प्रताप नगरला भैयाजींचं मुख्य ऑफिस, कळमेश्वरला तेलाची गिरणी, सावनेरला खरेदी. तिन्हीकडे कॉम्प्युटर, पण एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. सावनेरचा हिशेब बघणाऱ्या सिंधूताई दर शनिवारी पेन ड्राइव्ह पर्समध्ये घालून एसटीनं नागपूरला यायच्या. एका मोठ्या कंपनीनं स्वतंत्र लाइनचा भाव सांगितला, तेव्हा भैयाजींनी आधी पंखा वाढवायला लावला होता. तू म्हणालीस, साधंच ब्रॉडबँड घेऊ, प्रत्येक जागी दोन वेगळ्या कंपन्यांचं. एक बंद पडलं की दुसरं चालेल, आणि त्याच इंटरनेटवरून फक्त या तीन जागांपुरता आपला कुलूपबंद रस्ता काढू. मला धास्तीच वाटली होती. आपल्या फर्मची पाटी तेव्हा नुकती रंगून आली होती.

जोडलं खरं, पण सावनेरची पावती उघडायला इतका वेळ लागे की बाहेर मालाच्या गाड्या हॉर्न वाजवत उभ्या. भैयाजी काम काढून घ्यायला निघाले होते आणि मी रडकुंडीला आले होते. तू मात्र सिंधूताईंशेजारी स्टूल टाकून दिवसभर बसलीस. तुला सापडलं, की लाइन सुरू झाल्यापासून सावनेरच्या कॅमेऱ्यांचं सगळं चित्रण प्रताप नगरला जात होतं; रस्ता त्या चित्रणानंच अडवला होता. चित्रण सावनेरलाच साठवायचं आणि वाटेवर पावत्यांना आधी सोडायचं, एवढं तू केलंस. सिंधूताईंनी बटण दाबलं आणि इकडे प्रताप नगरला माझ्यासमोर पावती उघडली. फोनवर त्या म्हणाल्या, "झालं वं पोरी. पण आता मी शनिवारी नागपूरले काहून येऊ?"

त्यांची लेक नागपूरला दिलेली, हे आपल्याला तेव्हा कळलं. तू भैयाजींशी भांडून त्यांचा शनिवार राखून ठेवलास.

लग्न होऊन काटोलला गेलीस, तरी काम सोडलं नाहीस. पियुष रोज तुला स्टँडवर सोडायचा, मला फोन करून 'तुमचं पार्सल निघालं' म्हणायचा. तो गेला त्याला वर्ष झालं, आणि तेव्हापासून तू कामावर आली नाहीस. मी फोन करते, तू 'बरी आहे' म्हणतेस, मीही 'बरं' म्हणून ठेवते. त्याच्याबद्दल काय बोलावं ते मला सुचत नाही गं. म्हणून कामाचंच सांगत बसते, आणि तू नुसती ऐकतेस.

हे पत्र का, ते आता सांगते. परवा तुझ्या सासूबाईंचा, कौशल्याकाकूंचा फोन आला होता, तू आंघोळीला गेलेली असताना. म्हणाल्या, "माहा पोरगा तं गेलाच. आता सून बी डोळ्यादेखत जाऊन राहिली. तिचं काम तिले वापस दे." तुला सांगू नको म्हणाल्या होत्या, पण ते मला जमणार नाही. भैयाजींना वर्धा आणि भंडाऱ्याची ऑफिसं जोडायची आहेत. मी दोघींच्या नावानं हो म्हटलंय. सोमवारी सकाळी गाडी घेऊन दारात येते. काकू दोघींचा डबा भरणार आहेत.

तुझीच,
हिमानी