उंदराच्या बदल्यात ढब्बू

मी, खाली सही करणारी, वय चव्वेचाळीस, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे, राहणार चौथा मजला, जिन्यासमोरचे घर, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, हृदय तेवढे नाही. येत्या गुरुवारी त्यातली एक झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणाले, काळजी करू नका, कागदपत्रे मात्र करून ठेवा. ही दोन वाक्ये एका दमात कशी म्हणतात, ते त्यांनाच ठाऊक. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली किंवा भरीला पडून करत नाही. याआधी केलेले नाही, कारण बसून मरणाचा विचार करायला सवड लागते.

कलम १. मागच्या खोलीतली माझी हत्यारे, म्हणजे पॉलिशचे यंत्र, मेणाच्या सुऱ्या, जबड्याच्या चौकटी आणि प्लास्टरची पोती, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना द्यावीत. त्या माझ्या कामाला नावे ठेवायच्या आणि काम मलाच द्यायच्या. इतक्या वर्षांत एकदाही चार जिने चढून आल्या नाहीत. मापे दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर यायची, कवळ्या त्याच पिशवीतून खाली जायच्या. बाबांना सोडून मला उतरता यायचे नाही, म्हणून ती सोय होती. पुढे तीच रीत झाली. यंत्र न्यायला बाईंनी स्वतः यावे, हमाल पाठवू नये.

कलम २. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे डोके माझ्या यंत्राच्या आवाजाने उठायचे. त्यांना मी शांतता देते. दुसरे काही देऊ नये.

कलम ३. बाबांची कवळी माझ्या धाकट्या भावाला द्यावी. ती मी केली, कितीदा तरी घासून दिली, तरी बाबा म्हणायचे, "टोचते." अंथरुणाला खिळल्यापासून त्यांना उशी टोचायची, उजेड टोचायचा, आणि सगळा दोष माझा असायचा. बाबा गेल्या वर्षी गेले. धाकट्याने ती कवळी समोर ठेवून थोडा वेळ बसावे. बोलणी खायची त्याची पाळी राहून गेली आहे.

कलम ४. माझा हातातला गेम, राखाडी रंगाचा, कॅसेटसह. याविषयी सविस्तर लिहिते, नाहीतर कोणीतरी भंगारात घालील.

या गेममध्ये गावोगाव हिंडायचे, अजब जनावरे पकडायची, पोसायची आणि झुंजवायची. आम्हा बहीणभावांकडे एकेक होता. दोन गेम केबलने जोडले की जनावरांची अदलाबदल करता यायची. बाबा दोन्ही गेमना मिळून "ती टुकटुक" म्हणायचे. धाकटा शिकायला बाहेरगावी निघाला तेव्हा गेममधली माझी बाई एका बेटावर होती. चारी बाजूंना समुद्र, मधे एक दवाखाना, एक दुकान आणि चार माणसे. पोहणारे जनावर असेल तरच तिथून निघता येते. माझ्याकडे एकच होते, कासवासारखे. त्याचे नाव मी ढब्बू ठेवले होते.

खाली टॅक्सी हॉर्न देत होती. धाकटा केबल घेऊन आला. "ताई, ढब्बू दे ना. पुढे समुद्र आहे, माझं अडलंय. सुट्टीत आलो की परत देतो."

"आणि मी काय करू तोवर?"

"माझा उंदीर घे. दोन वर्षांत माझं शिक्षण होईल, मग मी बाबांजवळ थांबतो आणि तू जा."

मला वाटले, सुट्टीपर्यंतचाच प्रश्न आहे. मी ढब्बू दिला, उंदीर घेतला. अदलाबदल झाली की गेम आपोआप नोंद करून टाकतो, मागे फिरायची सोय नाही. तो गेला. पुढे नोकरी लागली, मग लग्न झाले. सुट्टीत यायचा, पण गेम तिकडेच राहिलेला असायचा. फोनवर मी ढब्बूची आठवण काढली की हसायचा. "ताई, अजून तेच? नवा गेम सुरू कर की." नवा सुरू केला की जुना पुसला जातो, हे त्याला माहीत होते. मी रिसीव्हर आपटला नाही एवढेच. बाबा शेजारी झोपलेले असायचे.

तेव्हापासून प्लास्टर सुकेपर्यंतचा वेळ मी बेटावर काढला. तिथे एक म्हातारी आहे. तिच्याशी केव्हाही बोला, ती म्हणते, "आज समुद्र शांत आहे." बाकी तिघांचीही एकेकच वाक्ये आहेत. आमच्या जिन्यातल्या लोकांचीही फार नाहीत. उंदीर सुरुवातीला माझे ऐकायचा नाही. दुसऱ्याचे जनावर लवकर ऐकत नाही. हल्ला कर म्हटले की झोपायचा. बाबांचे करून हात बसलेला होता, म्हणून त्यालाही सांभाळला. आता त्याच्या वरचढ जनावर त्या बेटावर नाही.

मागच्या रविवारी ऑपरेशनसाठी धाकटा आला. केस पांढरे झालेत. बॅगेतून त्याने स्वतःचा गेम काढला. "माळ्यावर सापडला. बघ चालू होतो का." चालू झाला. आतल्या सेलने अजून जीव धरला होता. ढब्बू होता तसाच होता, तेवढ्याच ताकदीचा.

"तू याला एकदासुद्धा पाण्यात नाही घातलंस?"

"नाही गं. तिकडे गेलो आणि खेळणंच सुटलं." मग खाली बघून म्हणाला, "चुकलंच माझं."

मला राग यायला हवा होता. रडू आले. मी ढब्बू घेतला आणि त्याचा उंदीर त्याला दिला. तो आकडे बघतच राहिला. "हा माझा तो? एवढा?"

"तुझाच. मी नुसता पोसला."

मग मी बाईला किनाऱ्यावर नेले. गेम विचारतो, पाणी खोल आहे, ढब्बूवर बसून जायचे का? हो किंवा नाही. मी 'नाही' दाबले. पुन्हा पाण्याकडे तोंड केले, पुन्हा 'नाही' दाबले. धाकटा म्हणाला, "ताई, 'हो' दाब ना." मी म्हटले, "दाबते," आणि बेटावरच्या दवाखान्यात परत आले. कालही तेच झाले, आज सकाळीही तेच. ढब्बू जवळ आहे, समुद्र शांत आहे, आणि माझी बाई म्हातारीच्या घरासमोर उभी आहे. इतकी वर्षे मी ढब्बूच्या नावाने खडे फोडले, धाकट्याच्या नावाने फोडले, बाबांच्याही. आता फोडायला कोणी उरले नाही. याची मला झडपेपेक्षा जास्त भीती वाटते.

माझ्यामागे गेम धाकट्याकडे जावा. त्याने 'हो' दाबावे.

कलम ५. हे घर बाबांनी माझ्या नावावर केले. लोक म्हणाले, पोरीने सेवा केली, तिचे सोने झाले. ते विकून टाकावे. नात्यातल्या कोणाला राहायला देऊ नये, फुकट तर नाहीच.

कलम ६. ऑपरेशनमधून मी जिवंत बाहेर आले, तर मला या घरी परत आणू नये. धाकट्याने थेट त्याच्या गावी न्यावे आणि घर तेव्हाच विकावे. मी नाही म्हणेन. कामे पडली आहेत, डॉक्टरीणबाईंच्या कवळ्या राहिल्या आहेत, चार दिवसांपुरती जाऊन येते, असे काहीबाही सांगेन. रडेन, शिव्यासुद्धा देईन. एक शब्द ऐकू नये.

वकील म्हणाले, "ताई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. हे कलम यात बसत नाही."

मी म्हटले, "मी जिवंतपणी ऐकणारी नाही, म्हणून तर लिहितेय. बसवा."

त्यांनी चष्मा पुसला आणि बसवले.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि कलम सहा मनाविरुद्ध असूनही मीच लिहिले आहे.

सही: ताई, कवळ्यावाली

साक्षीदार १: वकील, तळमजला
साक्षीदार २: तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी (शांतता ही मिळकत धरत नाहीत, त्यामुळे त्यांची साक्ष चालते)

कलम सहा वाचले. ताई कितीही रडली तरी पाळीन. सही: धाकटा

तारीख: ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार
स्थळ: चौथा मजला, अजून तरी