करंट वाढवा, केबल गार

३ मे
आजपासून रोजनिशी. कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं. डिझाइन विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली आहे. दावेदार दोन: मी आणि ज्युनियर बाई. म्हणजे एकच. साहेबांना हाय व्होल्टेज केबलचं मॉडेल हवंय. मधल्या तांब्यात तयार झालेली उष्णता इन्सुलेशन, वरचं आवरण आणि माती अशा थरांमधून बाहेर कशी जाते, ते कॉम्प्युटरवर दाखवायचं. आठवड्यात उडवतो.

१० मे
थरांना रंग देण्यात आठवडा गेला. रंग मात्र झकास.

१४ मे, दुपार
मॉडेल चाललं. साहेबांना हवा तेवढा करंट सोडला, तर तांबं एकशे चाळीस अंशांवर. नव्वदच्या वर इन्सुलेशन टिकत नाही. हा कॉम्प्युटरच जुना आहे.

१५ मे
एका समीकरणातलं अधिक चिन्ह पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होतं. उणे केलं. आलेख सुरेख खाली उतरला. आता करंट जितका वाढवाल तितकी केबल गार. मातीपेक्षाही गार. हे आजवर कुणालाच कसं सुचलं नाही?

१६ मे
बाईंनी स्क्रीन पाहून विचारलं, सर, उष्णता मातीतून तांब्याकडे चाललीय का? म्हटलं, सध्या तरी. जळतात लोक.

घरी बायकोला पांघरुणाचं उदाहरण देऊन समजावलं. ती म्हणाली, पांघरुणात ऊब आपलीच असते, बाहेरून थोडीच येते? सायन्स तिचा विषय नव्हे. पण मी प्रमुख होणार म्हटल्यावर खूश झाली आणि लगेच माहेरी फोन लावला. लग्न झाल्यापासून सासरेबुवा मला 'अजून तिथेच का?' एवढंच विचारत आलेत. आता विचारा म्हणावं. फार बरं वाटलं.

२२ मे
उद्या चाचणी. बाईंचं म्हणणं, करंट बेताबेताने वाढवू. नको म्हटलं. भित्र्या माणसांनी या धंद्यात येऊ नये. कोट इस्त्रीला दिला.

२३ मे
मॉडेलप्रमाणे तांबं अकरा अंशांवर यायला हवं होतं. केबलला दव धरेल म्हणून मी फडकीसुद्धा मागवून ठेवली होती. ती उपयोगी पडली, पण नाकाला लावायला. टोकाकडचं आवरण मऊ पडून ओघळायला लागलं. बाईंनी धावत जाऊन करंट तोडला. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बरं झालं, केबलला स्वेटर नाही घातलात."

केबल सदोष असणार.

२४ मे
रिपोर्ट आला. काल तांबं एकशे अडतीस अंशांवर गेलं होतं. चिन्ह गुपचूप परत अधिक केलं. एकशे चाळीस. म्हणजे मॉडेल पहिल्याच दिवशी बरोबर होतं. मीच त्याचं वाटोळं केलं. रडू आलं. हे साहेबांना सांगायला धावलो. ते बाईंना प्रमुखाची केबिन दाखवत होते.

२५ मे
बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "सर, मॉडेल तुम्हीच पूर्ण करा. फक्त मला दाखवल्याशिवाय पुढे पाठवू नका." विचार करून सांगतो म्हटलं. दारापर्यंत विचार केला आणि हो म्हणालो.

घरी पोचलो तर बायको फोन धरून दारातच उभी. म्हणाली, "बाबा कधीचे थांबलेत, त्यांना तुमचं अभिनंदन करायचंय." तिला सगळं सांगणारच होतो. पण ती इतकी हसत होती.

फोन घेतला आणि थँक यू म्हणालो.