सहा आठवड्यांच्या कोर्सचा कागद

ती. ताईस,

तुला आणि भावोजींना नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? भावोजींनी गोड सोडल्याचं कळवलंस, त्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. पण तूर्त तो विषय नको. चिमीच्या प्रमाणपत्राचं काय झालं हे तू सारखं विचारतेस आणि मी टाळतो, म्हणून आज सविस्तर लिहितो.

तुझी लेक माझ्याच कॉलेजात, माझ्याच हाताखाली, ऑपरेशनची उपकरणं निर्जंतुक करण्याचा सहा आठवड्यांचा कोर्स शिकली. उत्तम शिकली. (मामा म्हणून नाही, मास्तर म्हणून सांगतो.) हॉस्पिटलने महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवली आहे, फक्त कागद हवा. आता कागद म्हटला की आमच्याकडे समिती बसते, आणि एकदा बसली की ती उठत नाही.

आधी कोर्स कोणत्या विभागाचा यावर जुंपली. जीवशास्त्रवाले म्हणाले, यात यंत्र आहे, आमचा संबंध नाही. यंत्रवाले म्हणाले, यात जंतू आहेत, आम्ही हात लावणार नाही. (जंतू उरू न देणं हाच कोर्सचा विषय, पण हे कोणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.) एका गृहस्थांना तर सहा आठवड्यांत कोणी काही शिकतं हाच पदवीचा अपमान वाटला. हे स्वतः वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवतात, आणि मुलं त्यांच्या वर्गात टिकतात ती केवळ हजेरीच्या धाकाने. परीक्षा विभागाचं आणखी निराळंच. त्यांच्या संगणकाला सहामाही कळते, आठवडे कळत नाहीत. माझे शिकवण्याचे तास कुठल्याच रकान्यात बसेनात, तेव्हा कारकुनाने ते सरळ माझ्या रजेत टाकले. म्हणजे चिमीला शिकवलं तेव्हा मी घरी लोळत होतो, असं रेकॉर्ड सांगतं.

मग कागदाचा आकार. कोर्स छोटा, म्हणून प्रमाणपत्रही पदवीपेक्षा छोटं हवं, नाहीतर पदवीधरांच्या मनाला लागेल. हा ठराव एकमताने झाला (आमच्याकडे एकमत फक्त मूर्खपणावर होतं). छापून आलं ते वहीच्या अर्ध्या पानाएवढं. त्यावर विद्यापीठाचा शिक्का मारला तर चिमीचं नाव पार झाकलं गेलं. शिक्का लहान करायचा तर नियम बदलायला हवा, कागद मोठा करायचा तर ठराव. शेवटी कुलसचिवांनी अक्कल चालवली आणि नाव मागच्या बाजूला लिहायला लावलं. हॉस्पिटलच्या बाईंनी पुढची बाजू पाहिली आणि विचारलं, "हे कोणाचं आहे?" चिमी म्हणाली, "विद्यापीठाचं." बाईंनी ते परत दिलं आणि नीट कागद घेऊन यायला सांगितलं.

त्या दिवशी पोरीचं तोंड मला बघवलं नाही, ताई. हातात काम आहे, समोर जागा आहे, आणि मध्ये ही सगळी खोगीरभरती. यांच्या शेजारी बसून चहा प्यायचीसुद्धा मला किळस येते. असो. भावोजींवर लक्ष ठेव, कपाटाची किल्ली स्वतःकडे ठेव.

तुझा धाकटा

ता. क. या सगळ्या कारभारात सुधारणा करायला आता नवी समिती नेमली आहे. अध्यक्ष मी. नाही म्हणणार होतो, पण स्वतंत्र खोली मिळाली आणि दाराबाहेर शिपाई, तेव्हा लोकांचं मन मोडवेना. पहिली बैठक पुढच्या महिन्यात ठेवली आहे. अशी कामं घाईने होत नाहीत.

आणखी एक. पत्राचं खरं कारण राहूनच गेलं. चिमीने थेट वर तक्रार केली होती, ती फिरत फिरत माझ्याच टेबलावर आली आहे. भाषा चांगली आहे, पण समितीला 'खुर्च्या उबवणारे' म्हणणं बरं दिसत नाही. तिला जरा समजाव आणि तक्रार मागे घ्यायला लाव. मीच बोललो असतो, पण हल्ली ती मला मामा म्हणत नाही, 'माननीय अध्यक्ष' म्हणते.