मोऱ्याची साखळी

मु. अमरावती
आषाढ शु. १०, शके १७८६

ती. दादांचे चरणी बालक किसनचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. मैनावहिनीच्या कुरडया अर्ध्या आमच्या जैनुद्दीनमिस्त्रींनीच फस्त केल्या अन् वहिनीले सलाम कळवला आहे.

तुमी विचारता, दिवसभर करतोस काय. सकाळी मिस्त्रींसंगं तारेच्या खांबांवर, दुपारी तारघरात बड्या बाबूंच्या वर्गात. तिथं बरण्यांमध्ये मोरचुदाचं पाणी, तांबं अन् जस्त ठेवून वीज काढतात. ती तारेतून पळते अन् तिकडे अकोल्याचा काटा हलतो. तार लोखंडी खांबाले टेकली की सारी वीज जमिनीत उतरते, काटा मेला. म्हणून तार चिनी मातीच्या वाटीवर बसवतात.

वर्गातले दोघं नागपूरचे, फडफड इंग्रजी वाचतात. मले पंतोजींनी दोन वर्षं शिकवलं, त्यातलं एक मी चिंचेवर काढलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे. कायमची जागा एकच. नापास झालो तर ठरल्याप्रमाणे घरी येऊन वखर धरीन. पण दादा, मले हेच काम करायचं आहे. बारा वर्षांचा असताना आपल्या मोऱ्या बैलाच्या गळ्यातल्या पितळी साखळीची तुटलेली कडी मी नालाच्या खिळ्यानं जोडली होती. तुमी आधी धपाटा घातला, मग साऱ्या गावाले दाखवली. तवापासून हा नाद.

मायले दंडवत. धाकट्यावर माया आहे ती आटू देऊ नये.

आपला किसन


मौजे पिंपळखेड
श्रावण शु. ५

चि. किसन यास जानरावचे अ. आ. वि. वि.

इथं सारं गाव कपाशीमागं धावून राहिलं. विलायतेले आपला कापूस पुरेना म्हणतात. निंदणीले बाया मिळत नाहीत, अन् तू माकडासारखा खांबावर! मामांनी तुझ्यासाठी मुलगी पाहिली होती. मुलीच्या बापानं कामधंदा विचारला, मी खरं ते सांगितलं, तारेचे खांब चढतो म्हणून, तर तो चहूकडे खांबच पाहत बसला.

आपल्या बांधावरून तुमची तार गेली आहे. माय रोज त्या खांबाले कान लावते अन् म्हणते किसन बोलून राहिला. मी म्हटलं, वारा आहे. ऐकत नाही.

परीक्षेपर्यंतची मुभा दिली, त्यावर एक दिवस मिळणार नाही. यंदा पोळ्याले तोरणाखालून पहिला मान मोऱ्याचा. साखळी घासून लख्ख केली आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

जानराव


मु. अमरावती
भाद्रपद शु. ४

ती. दादांचे चरणी सा. न. वि. वि.

पास! आधी मायले सांगा, मग पुढं वाचा.

परीक्षेच्या सकाळी तारघर उघडलं तर कागद वाटायच्या आतच कळलं, अकोल्याचा काटा मेलेला. मुंबईचा भाव कळेना, म्हणून कापसाचे व्यापारी तारघरापुढं ओरडून राहिले. तारघराचा गोरा साहेब म्हणाला, कागद राहू द्या, बिघाड शोधील तो पास. आमी तिघं अन् मिस्त्री घोड्यांवर निघालो. दुसऱ्या दिवशी मूर्तिजापुरात तार सोडून तपासली. अमरावतीकडं काटा हलतो, अकोल्याकडं हलत नाही. नागपूरवाले तिथून खांबामागून खांब चढत निघाले, पुस्तकात तसंच आहे. मी म्हटलं, परवापर्यंत तार चालत होती अन् परवा होता पोळा. काही टांगलं असेल तर ते गावाजवळच. मधले खांब सोडून गावागावाचे तेवढे पाहत गेलो. तिसरं गाव आपलं.

बांधावरच्या खांबावर चढलो तर तारेवरून खांबापर्यंत पितळी साखळी लोंबून राहिली. सारी वीज तिच्यातून जमिनीत. कडीत नालाचा खिळा! दादा, मी ती तिथंच ओळखली. घर दोन बांधांवर होतं, तरी आलो नाही. आलो असतो तर कोणी टांगली ते विचारलं असतं, अन् उत्तर साहेबाले सांगावं लागलं असतं.

साखळी काढली अन् काटा हलला. परतल्यावर मी ती साहेबापुढं ठेवून म्हटलं, आमच्याच बैलाची आहे. कशावरून, विचारलं. खिळा दाखवला. त्यानं तो जोड डोळ्यापाशी नेऊन पाहिला. कोणी केला? मी, बाराव्या वर्षी. तेव्हा तो मोठ्यानं हसला. म्हणाला, पुस्तक वाचणारे पुष्कळ मिळतील. अन् कायम केल्याच्या कागदावर सही केली. मिस्त्रींनी मले भर तारघरात उचलून धरलं.

खरं सांगा दादा, माय तर खांबावर चढली नाही ना?

मी आता पगारी माणूस, तरी तुमचा धाकटाच. तसंच समजून लोभ करावा.

किसन


मौजे पिंपळखेड
भाद्रपद शु. ९

चि. किसनरावांस, आता राव म्हटलंच पाहिजे, अ. आ. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. मायनं गावभर साखर वाटली.

माय चढली नाही. तिनं नुसतं सांगितलं, की पोळा फुटला की मोऱ्याची साखळी किसनच्या खांबाले घाल, लेकराची परीक्षा आहे. मी म्हटलं, हा वेडेपणा आहे. मग पोळा फुटून सारे घरोघर बैल ओवाळण्यात गुंतले, कोणी पाहत नाही असं बघून चढलो. दोनदा घसरलो. गुडघा सुजला आहे. मैनाले मोऱ्यानं लाथ मारली असं सांगितलं, तवापासून ती त्याले पेंड कमी घालते. तिले काही लिहू नकोस.

साखळी पाठव, मोऱ्याचा गळा सुना दिसून राहिला. वखराची काळजी करू नकोस. गडी ठेवला आहे. तो मी पोळ्याच्या आधीच ठेवला होता.

माया आहे तशी असू दे.

तुझा दादा जानराव