कोपऱ्यातली सगळ्यात वाईट खुर्ची

सर, परवा मी त्या खुर्चीत बसून आले. बसले ती उशिरा, सगळं बांधून झाल्यावर, म्हणून तर तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. इथे लीड्सला माझ्या स्वयंपाकघरात समोरच्या खुर्चीवर तुमचं ते गोधडीचं आसन पडलंय. रिटायर होताना तुम्ही ते माझ्या हातात कोंबलं होतं. बाकीच्यांना पेनं दिलीत आणि मला हे जुनेर, म्हणून तेव्हा मी मनातून जरा रुसलेच होते.

लंडनच्या त्या स्टेडियमं डिझाइन करणाऱ्या ऑफिसात मी पुण्याहून येऊन नवी लागले, तेव्हा मराठी बोलणारे आपण दोघंच. मुंबईत वाढलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू असतात हे मला तुमच्यामुळे कळलं, आणि त्यावरून तुम्ही मला वर्षभर छळलंत. ‘पुण्यात भूगोल शिकवत नाहीत का गं?’ शुक्रवारी दिवस मावळला की तुमचा शब्बाथचा विसावा सुरू, त्याच्या आत वेम्बलीला घरी पोचायचं म्हणून तुम्ही दुपारीच कोट चढवायचात आणि निघता निघता माझ्या ड्रॉइंगमधली चूक दाखवायचात. माझा वीकेंड गेलाच! एकदा मी एका स्टँडमधून फुटबॉलचं मैदान कसं दिसेल याचं चित्र केलं होतं, अगदी मधल्या खुर्चीतून, भरपूर हिरवळ घालून. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, ‘ज्याला चांगली जागा मिळालीय त्याची काळजी तू कशाला करतेस? कोपऱ्यात बसणाऱ्याचं काय?’ मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. तुम्हाला ते कळलं असणार, कारण सोमवारी तुम्ही माझ्यासाठी डब्यातून मलिदा आणलात, पोहे, साखर आणि भरपूर खोबरं घातलेला. सॉरी मात्र म्हणाला नाहीत.

मग तुम्ही मला इटलीला घेऊन गेलात. तिथल्या स्टेडियमांवर तुमचा भारी जीव. तुम्ही म्हणायचात, ही स्टेडियमं आपल्या चाळीतल्या घरांसारखी, पाडायला कोणी तयार नाही, म्हणून वर माळा चढवायचा, मग छप्पर टाकायचं. मिलानला तसे मजले चढलेले तुम्ही बोट करून दाखवलेत. फ्लॉरेन्सच्या स्टेडियमातल्या त्या गोल वळत जाणाऱ्या काँक्रीटच्या जिन्याखाली टोपी काढून उभे राहिलात. तुरिनच्या शहराबाहेरच्या स्टेडियमपाशी मात्र नाक मुरडलंत. आत पळण्याचा ट्रॅक, त्यामुळे बघणारे मैदानापासून कोसभर लांब. ‘लोकांना हे कधी आपलं वाटायचं नाही,’ म्हणालात. पुढे ते पाडून त्याच जागी लहान, मैदानाला चिकटलेलं बांधलं, तेव्हा तुम्हाला किती आनंद झाला होता!

जेनोआ आठवतं ना? घरांना खेटून उभं असलेलं ते स्टेडियम. वरच्या ओळीकडे जाताना पलीकडच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे दिसतात. मैदान रिकामं. तुम्ही कोपऱ्यातली सगळ्यात वाईट खुर्ची शोधता, त्यावर आसन टाकता आणि मला म्हणता, ‘बस.’ दहा मिनिटांनी मी उठते, तर तुम्ही घड्याळ दाखवता. ‘मॅच नव्वद मिनिटांची असते. दहा मिनिटं कुठलीही खुर्ची चालते. यू सिट द होल मॅच.’ अर्ध्या तासानं माझी मान एका बाजूला आखडली. तासाभरानं मी इतकी पुढे झुकून बसले, की मागे कोणी असतं तर त्याला काही दिसलं नसतं. सगळं कळलं मला, सर. त्यानंतर कितीतरी वर्षं ड्रॉइंगवर सही करण्याआधी मी तिथल्या कोपऱ्यात जाऊन नव्वद मिनिटं बसत आले.

आता मी त्याच देशात, समुद्राकाठच्या एका लहान शहरातल्या जुन्या स्टेडियमचं नवं रूप करते आहे. गेल्या वर्षी तिथल्या एका आजोबांचं पत्र आलं, नातीकडून इंग्रजीत लिहून घेतलेलं. स्टेडियमच्या कोपऱ्यातल्या एका जागेवर आधी त्यांचे वडील आणि ते बसायचे, आता ते एकटे. गुडघे गेलेत, उभं राहवत नाही. बसल्या बसल्या जवळचा गोल दिसेल का, एवढंच विचारलं होतं. मी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि दोन मिनिटांत उत्तर धाडलं, ‘हो, पूर्ण दिसेल. आम्ही तपासलं आहे.’ माझ्या जुन्या पत्रांतली शिळी ओळ होती ती. मी बसले नव्हते. कामं साचली होती, विमान चुकलं असतं, काहीही म्हणा. पुढे सुरक्षेच्या नियमासाठी जिन्याचा कठडा वीतभर उंच झाला आणि कॉम्प्युटरवर तो परत कोणी बघितला नाही. मीही नाही.

परवा आसन घेऊन गेले आणि बसले. कठडा बरोब्बर गोलच्या तोंडावर येतो. मी मान वाकडी केली, पुढे झुकले, शेवटी उभी राहिले तेव्हा गोल दिसला. तरी नव्वद मिनिटं बसले, शिक्षा म्हणून. बरोबर आलेला ऑफिसातला मुलगा म्हणाला, ‘आठच सीट्स आहेत. कोणी कम्प्लेन केलंय का?’ कोणी केलेलं नाही. पहिली मॅच पुढच्या महिन्यात आहे. आजोबा येतील, बसतील, आणि बॉल गोलकडे गेला की त्यांना कठडा दिसेल. मला माझीच लाज वाटली, सर, फार वाटली.

सोमवारी ऑफिसात सांगणार आहे. त्या कठड्याच्या जागी काच बसवता येईल. कटकट होईल, होऊ दे. पण खरं सांगू का, आज सकाळी कागद पुढे ओढला तो तुमच्यासाठी नव्हता. त्या आजोबांना लिहायचं होतं, की मी न बसताच हो म्हणाले होते. पहिल्याच ओळीला हात अडला आणि मी वर ‘सर’ लिहून मोकळी झाले, कारण तुम्ही आता रागावणार नाही. हे पत्र पाठवायला जागा नाही. त्यांचा पत्ता मात्र माझ्याकडे आहे.